नाकारलेल्या मनिऑर्डरी

“आई म्हणते, भाडं घ्यायचं नाही.”

भीमराजच्या तळहातावरचे बारा रुपये तसेच राहिले. “काहून? नोटा खोट्या हायेत का?”

“नाही जी. खोली सोडा म्हणते. कापसाचा व्यापारी तीस देऊन राह्यला.”

“मंग काढा ना मले!” तो हसला. एस.टी.चा कंडक्टर. लोकांना पुढे सरकवायची सवय, स्वतः सरकायची नाही.

दिग्रसला आमच्या तीन खोल्या होत्या. मालकीण माझी आई, मथुराबाई. वसुलीला मी, सत्यशीला, वय वीस. पण त्या काळी भाडेनियंत्रण कचेरीतल्या साहेबाच्या परवानगीशिवाय भाडेकरूला काढता येत नसे. भाडं थकलं तर परवानगी मिळे. म्हणून आईनं भाडं घेणंच बंद केलं... थकू दे आपोआप!

भीमराजनं मनिऑर्डर केली. भिंतीपलीकडून भिंतीअलीकडे, पोस्टामार्फत.

पोस्टमन नानाजींनी फॉर्म पुढे केला. खाली मजकुराला चार ओळींची जागा असते. मी वाचलं — ‘भाडं रुपये बारा. पहाटे भिंतीआडून गाणं ऐकू येतं, त्याचे किती?’

“काय लिवलं व?” आईला वाचता येत नसे.

“भाडं... बारा रुपये.”

“वापस कर!”

मी ‘नाकारले’ लिहून सही केली. कान तापले होते; पहाटे गाणारी मीच. नानाजी उगाच खोकले.

दुसऱ्या महिन्यात — ‘गाणं बंद झालं. तक्रार कोणत्या कचेरीत करावी?’

तिसऱ्या महिन्यात नळावर मीच त्याला गाठलं. “मनिऑर्डरीवर असं लिवत असते का कोणी?”

“मंग कुठं लिवू? दार तं लोटून घेता तुम्ही.”

“पोस्टाचा खर्च वाया जाते ना.”

“तुम्ही वाचता ना? मंग वाया कसा?”

माझी घागर भरून वाहत होती... मला दिसलीच नाही.

परत आलेल्या मनिऑर्डरी म्हणजे भाडं देऊ केल्याचा पुरावाच, त्यामुळे भाडं काही थकेना. तेव्हा कचेरीबाहेर अर्ज लिहून देणाऱ्या अर्जनवीसानं आईला नवी वाट दाखवली — घरच्या माणसाला खोली लागत असेल तर मिळते. आईनं अंगठा उठवला : मुलगी लग्नानंतर इथंच राहणार. लग्नाचा पत्ता नव्हता! पण अर्ज मंजूर झाला, तर भीमराज पुसदच्या डेपोत बदली मागणार होता. तसं नानाजी म्हणाले, मला ऐकू जाईल अशा बेतानं.

दारव्ह्याच्या कचेरीत साहेबांनी अर्ज वाचला. त्यात भीमराजचं नाव झालं होतं ‘गैरअर्जदार’, म्हणजे विरुद्ध बाजूचा.

“मुलीचं लग्न कोणाशी ठरलं, मथुराबाई?”

आई पदर चाळवत राहिली. साहेब माझ्याकडे वळले. “तुम्ही सांगा.”

ठरलं नाही म्हणावं, तर आई भर कचेरीत खोटी पडणार. ठरलं म्हणून कोणाचंही नाव घ्यावं, तर भीमराज पुसदला जाणार...

“ठरायचंच आहे, साहेब,” मी म्हणाले. “गैरअर्जदाराले विचारा.”

भीमराजनं डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली.

“विचारलं,” साहेब म्हणाले. “तुमची हरकत?”

“हरकत नाही जी,” तो म्हणाला — माझ्याकडे बघत. “अर्ज... एकदम बरोबर हाये.”

आईनं आधी मला पाहिलं, मग त्याला. मग कपाळावर हात मारून घेतला. पण ओठ हसत होते. “अवं बाई! आता त्या व्यापाऱ्याले काय सांगू मी?”

“सांगा,” साहेब टाक पुसत म्हणाले, “खोली घरच्याच माणसाला लागते.”