येतो हां, शेठ

आज माझी चतुर्थी आहे. उपवासाच्या दिवशी मी खोटं बोलत नाही, आणि हे तर माझ्या सख्ख्या मावसभावाच्या घरात घडलेलं आहे.

साल १९९९. ऑगस्टमधला गुरुवार. शारजाचा हमरिया फ्री झोन. वेळ रात्रीची नाही, दुपारी साडेचारची.

या मावसभावाचा, सूर्यकांतदादांचा, तिथे ओतकामाचा कारखाना होता. गटाराची बिडाची झाकणं बनायची. साचे वाळवायची भट्टी त्यांनी जर्मनीतल्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून आणली होती. खोलीएवढी, लोखंडी दाराची. दारावर पहिल्या मालकाचं नाव ओतलेलं. तो म्हणे लोहाराचा मुलगा. एका भात्यावर सुरुवात करून त्याने दीडशे वर्षांपूर्वी पोलादाचा डोलारा उभा केला. दादा त्या नावावरून हात फिरवायचे. "आपणही लोहाराचेच," म्हणायचे.

कामगार भट्टीला 'जर्मन म्हातारा' म्हणत.

"शेठ, म्हातारा तापला तरी तुमच्यापेक्षा लवकर निवतो," असं तोंडावर म्हणायची हिंमत फक्त गणूत होती. गणू गुहागरचा. सात वर्षं दादांबरोबर.

त्या गुरुवारी कामगारांना कॅम्पवर नेणारी बस फाटकात हॉर्न मारत होती. साचे शनिवारी हवे होते. दादा भट्टीपाशी उभे, कानाला मोबाइल.

तेवढ्यात आवाज आला...

"येतो हां, शेठ!"

आपण मराठी माणसं निघताना 'जातो' म्हणत नाही. अपशकुन असतो. 'येतो' म्हणतो.

दादांना वाटलं, गणू बस पकडायला निघाला.

त्यांनी दार लावलं. बर्नर पेटवला.

गणू आत होता. निखळलेली वीट बसवत होता. त्याचं 'येतो' म्हणजे 'बाहेर येतो' होतं.

ब्लोअरच्या घरघरीत पुढचं काहीच ऐकू आलं नाही. फोरमन जमाल बसमधली माणसं मोजून धावत आला. "साब, एक आदमी कम है!"

दार उघडलं, तेव्हा सगळं संपलं होतं.

चौकशीत विचारलं, त्याने हाक मारली होती का?

"नाही," दादा म्हणाले. "मी काहीच ऐकलं नाही."

गणूच्या बायकोला, नर्मदाला, फोनवर हेच सांगितलं. कुणाला न सांगता आत शिरला. चूक त्याचीच.

महिना गेला.

दादा शारजातल्याच अल मजाज भागातल्या घरी होते. संध्याकाळ. वहिनी देवाजवळ दिवा लावत होत्या. एसी अचानक बंद पडला. घर एकदम गप्प...

आणि दाराशी आवाज.

"येतो हां, शेठ."

दादांच्या हातातला पेला निसटला. पण त्याहून भयंकर पुढे होतं.

शोभनावहिनी आतून म्हणाल्या, "या हं! अहो, कोण गेलं? चहा तरी विचारायचा!"

म्हणजे त्यांनीही ऐकलं होतं.

त्यांच्या मुलीने, वैभवीने, दार उघडलं. "बाबा, देअर इज नोबडी हिअर."

कॉरिडॉर रिकामा. पायपुसण्यावर काळी वाळू. साच्यांची. कडी इतकी तापलेली की पोरीने हात झटकला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

आठव्या दिवशी वहिनींनी दादांसमोरचं ताट मागे ओढलं.

"जाणारा माणूस 'येतो' म्हणून जातो. हा जातच नाहीये. काय लपवलंय तुम्ही?"

हाक ऐकली होती, हे दादांनी सांगितलं.

वहिनी म्हणाल्या, "मला नका सांगू. तिला सांगा. मग जेवा."

फोन लागला.

"नर्मदावहिनी, मी खोटं बोललो. गणूने हाक मारली होती. मी ऐकली होती. चूक माझी आहे."



ती म्हणाली, "तुम्ही काय बोललात त्यांना?"

याचं उत्तर दादांनी शोभनावहिनींनाही सांगितलं नव्हतं.

"'ये', म्हणालो."

"तरीच." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "मी रोज दार उघडं ठेवते, शेठ. इकडे एकदाही आले नाहीत. बोलावणं तुमचं होतं ना."

दादा फोन धरून रडले.

"रडू नका. आता हाक आली की त्यांना म्हणा, घरी जा. गुहागरला. तुमचं ऐकतील ते."

त्याच संध्याकाळी आवाज आला. दादा दारात हात जोडून उभे राहिले. "गणू, चुकलो रे. घरी जा. नर्मदा वाट बघतेय."

कुणीतरी जिना उतरत गेल्यासारखं वाटलं... नवव्या मजल्यावरून, एकेक पायरी.

शनिवारी दादांनी पोलिसांत जाऊन जबाब बदलला. जी शिक्षा झाली ती भोगली. कारखाना विकला.

आवाज पुन्हा कधी आला नाही.

पण नर्मदाचाही फोन आला नाही. दोन वर्षं झाली. गणू पोचला का, एवढंच दादांना तिला विचारायचं आहे. दादा नंबर फिरवतात आणि शेवटच्या आकड्यावर थांबतात.

ती 'नाही' म्हणाली तर?

मग दादांच्या दारातून निघालेला तो माणूस... आहे कुठे?