बाळसं म्हणाली होती आत्या

“वन्सं, पिशवी खाली ठेवा... तुम्ही कुठ्ठेही जायचं नाही!”

भावजय दारात आडवी उभी होती. आत्याला वाटलं, आपण अजून झोपेतच आहोत. लाँड्रीतल्या वाफेत दिवसभर उभं राहिलं की माणसं कशी पुसट, तरंगती दिसतात, तशीच ती पहाटेच्या उजेडात दिसत होती... आणि चक्क आपल्याशी बोलत होती! दोन वर्षांचा अबोला. “आत्याला म्हणावं, जेवून घ्या,” असे निरोप छकुलीच्या तोंडून यायचे, आणि ती नऊ वर्षांची चिमुरडी त्याला वर तिखटमीठ लावून सांगायची!

अबोला एका शब्दावरून. सकाळी छकुलीचे गाल टम्म फुगलेले दिसत, आणि आत्या कौतुकाने म्हणाली होती, “पोरीने बाळसं धरलंय हो!” हातावर पोट असलेल्या घरात गुबगुबीत लेकरू म्हणजे केवढी मिरवायची गोष्ट! पण ती सूज होती. गावच्या दवाखान्यात जंताचं औषध मिळालं. शहरातल्या इस्पितळात पोचेपर्यंत दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. तिथे शेजारच्या बाकावर बसलेल्या मुलाला तोच आजार, पण त्याच्या शाळेत दरवर्षी तपासणी व्हायची... तो वेळेवर औषध मिळून खिदळत होता.

आईचं मूत्रपिंड जुळलं नाही, आत्याचं जुळलं. देणारं कुणीतरी मिळालंय, एवढंच भावजयीला सांगायचं, असं आत्याने भावाला बजावलं होतं. पण त्याच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ! आज छकुलीला घेऊन गाडीत बसता बसता तो बोलून गेला.

“सरक गं, गाडी खोळंबलीय,” आत्या पुटपुटली. “माझ्याच जिभेने घात केला, मलाच निस्तरू दे.”

“तुमच्या नाही!” भावजयीला हुंदका आवरेना. “त्या दिवशी मलाही बाळसंच वाटलं होतं, वन्सं... आई असून! शेजारणींना तिचे गाल दाखवत फिरले मी. पण दोष माझा म्हटला असता, तर मी जगले नसते हो... म्हणून तुमच्या माथी मारला, आणि तुम्ही मुकाट्याने सोसलात!”

आता आत्यावर कसलाच आळ उरला नव्हता. मागे फिरली असती तरी कुणी बोल लावला नसता. तिने भावजयीचे डोळे तळव्याने पुसले.

“बरं केलंस सांगितलंस, बाई. आत्तापर्यंत शिक्षा भोगायला निघाले होते... आता आत्या म्हणून जाते.”