न झिजणारं पॉलिश

पेनाच्या तक्रारी दुकानदारानं ऐकायच्या आणि पेनं करणारीनं घरी लाकूड कातायचा लेथ फिरवायचा, असा आजवरचा शिरस्ता. पण त्या कुंद दुपारी ती नवी पेनं द्यायला दुकानात उभी होती आणि नेमका तेव्हाच तो आला. उंच, खांद्यात जरा वाकलेला, बोटांना लाल शाई. शाळामास्तर, हे सांगायची गरज नव्हती. त्यानं शिसवी पेन काउंटरवर ठेवलं.

"महिन्यात पॉलिश गेलं हो याचं. बोटं धरतात तिथं पांढरट झालंय..."

पेन तिच्या हातचं. तिला झोंबलं. "पेन बरं आहे," ती फटकन म्हणाली, "हात घामट असेल कुणाचा तरी."

मास्तरनं उजवा हात हळूच खिशात घातला. चेहरा असा उतरला, की तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चूक माझीच आहे," ती घाईनं म्हणाली. "लाख आणि मेणाचं पॉलिश लगेच चमकतं, म्हणून मी तेच मारते. घरी या... नीट करून देते."

तो आला. बाबा गेल्यापासून मागच्या खोलीत ती आणि लेथ, दोघंच असायची. आता स्टुलावर मास्तर बसू लागला. तिनं जवसाचं तेल चोळून दिलं, तर लाकूड घामानं काळं पडलं. वार्निशसारखं लॅकर मारलं, तर त्याचे पापुद्रे सुटले. दरवेळी तो पेन घेऊन परत यायचा, डाव्या हातानं पुढे करायचा.

"एवढं लिहिता तरी काय?"

"वह्या तपासतो. मुलांच्या चुका काढतो."

"आणि स्वतःच्या?"

"त्या... तोंडपाठ आहेत."

वहिनी चहा ठेवायला यायची आणि जाताना म्हणायची, "पेन बिघडतंय की पेनवाली, ते एकदा ठरवा बाई." ती लेथ सुरू करायची, म्हणजे उत्तर द्यायला नको.

खरं तर टिकणारं पॉलिश तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. सुपरग्लूचे पातळ थर एकावर एक चढवायचे, बारीक वाळूकागदासारख्या वॉटर पेपरनं घासायचे, की लाकडावर काचेसारखं कवच बसतं. ते झालं, की पेन परत यायचं कारण उरत नाही. म्हणून ती तेल, लॅकर करत बसली होती.

एके दिवशी बाहेर पाऊस झिमझिमत होता. पापुद्रे सुटलेलं पेन बघत मास्तर म्हणाला, "पॉलिशचा दोष नाही. माझा हातच वाईट."

"असं काय बोलता?"

"लग्न ठरलं होतं माझं. तिनं हात हातात घेतला... आणि मग स्वतःचा रुमालाला पुसला. बोलली काही नाही. मीच नकार कळवला. तेव्हापासून हा खिशात."

तिला आता कळलं. आपल्याला वाटत होतं भेटी होताहेत, आणि हा दरवेळी स्वतःच्या हाताचा निकाल ऐकायला येत होता. मास्तर गेल्यावर तिनं खिडक्या उघडल्या आणि सुपरग्लू काढला. वासानं डोळे चुरचुरले, पाणी आलं, ते सगळं काही वासाचं नव्हतं. थर चढवून, घासून तिनं पेन आरशासारखं केलं. "आता नाही झिजायचं," देताना ती म्हणाली. तो पेनाकडे बघत राहिला. मग "बरं" म्हणून गेला.

आणि आलाच नाही. ऑर्डरी होत्या, लेथ फिरत होता, पण तिचं कशात मन लागेना. वहिनीनंही चिडवणं सोडून दिलं.

दोन महिन्यांनी दारात मास्तर. "गेलं बघा पॉलिश," त्यानं पेन पुढे केलं. पेन खरंच मंद पडलं होतं. ती हादरली. उजेडात धरून बघितलं, तर आडवे बारीक ओरखडे, शेपटापर्यंत. तिथं तर बोटं पोचतही नाहीत.

"वॉटर पेपर किती नंबरचा आणलात?"

त्यानं मान खाली घातली. "चारशेचा... दुकानदार म्हणाला, बारीक असतो."

"नुसतं येता आलं नसतं?"

"कशाला आलात, असं विचारलं असतंत तर? रोज बघत होतो, झिजतंय का. झिजेचना. मग..." त्याचा आवाज खाली गेला. "बदली झालीय. उद्या निघायचंय."

तिला रागच आला. त्याचा आला, स्वतःचा जास्त आला. "दोन महिने, मास्तर. मी इथं तुमची वाट बघत होते. इतकं चांगलं काम करून ठेवलं, की तुम्हालाच घालवून बसले."

तिनं त्याचा खिशातला हात बाहेर ओढला. तो मागे घेऊ लागला. "ओला आहे हो..."

"असू दे. मला तुम्ही आवडता."

मास्तरचे डोळे भरून आले. वहिनी चहा घेऊन दारापर्यंत आली आणि तशीच मागे फिरली. अंधारून आलं तेव्हा त्याला निघावंच लागलं. सामान बांधायचं होतं, गाडी पहाटेची होती.

दारात तो घुटमळला. "सुट्टीत येईन... पण तोवर पेन झिजलं नाही तर?"

"पेन घरी ठेवून या," ती म्हणाली, आणि त्याचा हात तिनं अजून सोडला नव्हता.