कानाच्या कमिटीपुढे हजर राहण्याची रीत

इजिप्तमधल्या मन्सूरा शहरात रदवा आणि शिहाबचा साखरपुडा झाला. मात्र त्याची दप्तरी नोंद नाही. तेव्हा तो झालाच नाही, असं धरून पुढे जाऊ.

रदवाचे बाबा, तल्बा, रेडिओ दुरुस्त करत. हल्ली रेडिओ वाजतोय की नाही, हे त्यांना गिऱ्हाइकालाच विचारावं लागे. गिऱ्हाइकं आटली. सरकारी कानयंत्र मिळालं नाही, तर दुकानाला कुलूप.

यंत्र मंजूर करणाऱ्या कानाच्या कमिटीची रीत सोपी होती. दारातून नाव पुकारायचं. ज्यानं ओ दिली त्याला ऐकू येतं — अर्ज नामंजूर. ज्यानं दिली नाही तो गैरहजर — पुन्हा अर्ज. बाबा आजवर गैरहजरच होते, पुकारणाऱ्याच्या शेजारी बसून.

या खेपेला रदवा जिन्यात एकाला धडकली. त्याचा अर्धा चहा तिच्या बाहीवर. वर जाऊन बघते, तर तोच नवा पुकारणारा, शिहाब! आवाज इतका मऊ, की धडधाकट कानाचेही गैरहजर ठरावेत.

"जरा मोठ्यानं, उस्ताद!" रदवा म्हणाली.

"मोठ्यानं पुकारलं आणि तुमच्या बाबांनी ऐकलं तर? मी तुमच्याच बाजूनं आहे, मॅडम."

"मग त्यांना आधी डॉक्टरांसमोर बसवा, नंतर पुकारा. हजर आहेत हे दिसेल, बहिरे आहेत हेही दिसेल."

तो आतल्या दाराकडे बघत म्हणाला, "पुकारण्याआधी आत फक्त कर्मचाऱ्यांचे नातलग बसतात. चहाला."

"बसवा की!"

"नातं काय सांगू?"

"सासरे." बोलून गेल्यावर तिचे गाल तापले, पण माघार? छे!

"माझं लग्न नाही झालेलं…"

"ते तुमचं काम राहिलंय. माझ्या बाबांचं का अडवता?"

मग शिहाबनं असा काही आवाज लावला, की खालच्या पेन्शन विभागातून कुणीतरी ओ दिली. बाबा आत डॉक्टरांसमोर शांतपणे चहातली साखर ढवळत होते. मंजूर!

यंत्र बसलं. एका दुपारी शिहाब दुकानात आला, पुटपुटला, "काका… रदवा आहे?"

"आहे," बाबा म्हणाले. "आणि सासरा म्हणून चहा पिऊन आलोय मी, पोरा. आता फिरायचं नाही."

शिहाब रदवाकडे वळला. "तेवढं… खरं करायचं?"

"खोटी माहिती दिली म्हणून तुमची चौकशी नको लागायला," ती हसली. "करू या."

दुसऱ्या दिवशी तिनं त्याच कार्यालयात अर्ज टाकला: सदर शिहाब यांस रोज दुपारी नाईलच्या काठी, अर्जदाराच्या शेजारी भाजलेलं कणीस खात बसण्याची सरकारी ड्यूटी लावावी, आणि तहहयात त्यांची तेथून बदली करू नये, ही विनंती.