चिमूटभर कूट

मी डबा उघडला आणि शेजारच्या सीटवरचा मुलगा चक्क उठून उभा राहिला. सातारा-सांगली एसटीत बसायला जागा असताना हा आपला दांडीला लोंबकळतोय! माझं डोकंच फिरलं. भाकरी आणि लसणाची चटणी, त्यात एवढं काय?

"वास सोसत नसेल तर नाक धरा," मी म्हटलं. "असं उठून माझा अपमान कशाला?"

तो ओशाळून हसला. "वासाचं काही नाही हो... तोंडाला पाणी सुटतंय म्हणून उठलो. आमचं पर्युषण पर्व चालू आहे, लसूण बंद. दहा दिवस तरी निभवायला पाहिजेत."

असा भेटला मला सम्मेद. आष्ट्याचा, जैन घरातला, सांगलीच्या माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरीला. मी साताऱ्याची भार्गवी, मिरजेच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट. दर सोमवारी तीच गाडी आणि मग, काय योगायोग बघा, तीच सीट.

एकदा त्यानं आईच्या हातची दुधीची भाजी पुढे केली. कांदा नाही, लसूण नाही. मी एका घासात निकाल दिला, "दवाखान्यातलं जेवण."

"दुसरा घास घेऊन बघ की," तो म्हणाला. "पहिल्याच घासात कुणी कळतं का?"

"दुधी कळत नाही, की माणूस?"

"दोन्ही..." म्हणून तो खिडकीबाहेर बघत बसला. कान लाल झाले होते त्याचे.

दुसरा घास घेतला. मग दर सोमवारी घेतच गेले. हळूहळू मला दुधीची दुधी लागायला लागली, तुरीच्या वरणाला स्वतःचा वास असतो हे कळलं. इतकी वर्षं मी सगळं एकाच चटणीत बुडवून खात होते. आणि खरं सांगते, माणसांचंही तेच करत होते. पेशंट 'दुखतंय' म्हणाला, की 'नाटकं' असं मनात ठरवून मोकळी. आता मी दुसऱ्यांदा विचारते, आणि पुष्कळदा खरंच दुखत असतं.

डिसेंबरात सम्मेदनं लग्नाचं विचारलं. मी हो म्हटलं. पण त्याच्या आईचं, गुणमालाकाकूंचं, म्हणणं एकच होतं, 'पोरगी बाहेरची हाय. आधी माझ्या सैपाकघरात उभी तर राहू दे, मग बघू.'

मी त्यांच्याकडे सैपाकाला निघाले त्या दिवशी नेमकी गाडी पेठ नाक्यावर बंद पडली. आष्ट्याला पोचले तेव्हा पाच वाजून गेले होते. काकूंचं एकाशन होतं, म्हणजे दिवसातून एकदाच जेवण, तेही सूर्य बुडायच्या आत. माझ्या हातचं जेवायचं म्हणून त्या सकाळपासून उपाशी थांबलेल्या.

पदर खोचून भिडले. दोडक्याची भाजी फोडणीला टाकली आणि आईनं बांधून दिलेलं शेंगदाण्याचं कूट वरून घातलं. ताट वाढलं. काकू पाटावर बसल्या. डब्याच्या तळाशी राहिलेलं चिमूटभर कूट मी सहज तोंडात टाकलं...

लसूण!

अगदी पुसट. आईनं मिक्सरच्या त्याच भांड्यात आधी चटणी वाटली असणार. तीन महिन्यांपूर्वी मला हे कळलंसुद्धा नसतं. आता जीभ खोटं बोलेना.

मी सम्मेदला दारामागे ओढलं आणि सांगितलं. त्यानंही कूट चाखलं.

"मला तर काही लागत नाही. तू गप्प बस. फोडणीच्या हिंगात कुणाला कळतंय?"

"मला कळतंय ना."

"भार्गवी, पंधरा मिनिटांत दिवस मावळेल. आता सांगितलंस तर आई उपाशी राहील... आणि आपलं लग्न? विसरच मग."

त्याचा हात माझ्या हातात होता, थंडगार. एका गप्प बसण्यात मला हा माणूस मिळत होता. फार वाटलं, बसावं गप्प. काकूंनी डोळे मिटून जेवणाआधीचा णमोकार मंत्र म्हणायला घेतला.

मी हात सोडवला.

"काकू, जेवू नका. कुटात लसूण आलाय. चूक माझी, विचारून आणायला हवं होतं."

काकूंनी हात मागे घेतला. खिडकीतून उन्हाकडे बघितलं. ताट तर बाटलं होतं, आणि पुन्हा चूल पेटवण्याएवढा वेळ नव्हता. सूर्य बुडायच्या आत त्या तांब्याभर पाणी प्यायल्या आणि तोंड पुसलं. मला तर रडूच फुटलं.

"हे तुलाच कळलं, का ह्यालाबी ठावं होतं?" त्यांनी विचारलं.

मी सम्मेदकडे बघितलं नाही. राग आला होता मला त्याचा, आणि प्रेमही तेवढंच वाटत होतं.

"मला ठाऊक होतं, आई," तो पुढे आला. "मीच म्हटलं, सांगू नकोस. आणि... हॉस्टेलवर चार वर्षं मी लसूण खाल्लाय. तेही लपवलं."

काकूंनी त्याच्याकडे एकदा रोखून बघितलं. मग माझ्याकडे वळल्या.

"जलमभर सोडशील लसूण?"

"तसा शब्द आज नाही देणार, काकू. माझी जीभ कुणी सांगितलं म्हणून बदलली नाही, आपली आपण बदलली. पण तुमच्या सैपाकघरात मी तो कधी आणणार नाही."

त्यांनी ताट उचललं, भाजीचं पातेलं सम्मेदच्या हातात दिलं आणि गोठ्याकडे बोट दाखवलं. मी माझी पर्स शोधायला लागले. मिरजेची शेवटची गाडी मिळाली असती.

"कुटं निघालीस?" काकू म्हणाल्या. "राहा आज हितंच. सकाळी दिवस उगवला की मला भूक लागंल लय, आन् जेवायचं तर तुझ्याच हातचं जेवणार मी."