पडछाया २ : जमेच्या बाजू, उण्या बाजू

सकाळी सव्वादहाला चेअरमन बिरनाळे ऑफिसला निघाले. इस्त्रीचा शर्ट, टाय, खांद्याला लॅपटॉपची बॅग. लिफ्टमधून बाहेर पडताच ते उकिडवे बसले आणि बदकासारखे चालत पार्किंगमधून फाटकाकडे सरकू लागले. समोरून हसबनीस काकू आल्या. त्याही उकिडव्याच, हातात दुधाची पिशवी.

"चेअरमन, टाकीचं बघा की जरा. परत गळायला लागलीय."

"रविवारी माणूस बोलावलाय," बिरनाळे म्हणाले, आणि दोघं आपापल्या दिशेने सरकत गेले.

दोघांच्या मधून जागल्या गेला. त्याने कोणाकडेच पाहिलं नाही.

सांगलीच्या शिल्पगंध सोसायटीत हे पाच महिने चालू होतं. जागल्या म्हणजे तीन चाकांवरचं, पाण्याच्या पिंपाएवढं यंत्र, डोक्यावर गरगर फिरणारा एक डोळा. आधीचा वॉचमन खुर्चीत झोपायचा म्हणून सोसायटीने त्याला काढून हे आणलं. जागल्या झोपत नसे. उभा माणूस दिसला की तो वाट अडवायचा, कुठे चाललात विचारायचा, गाडीचं चाक पिवळ्या रेषेच्या किती बोटं बाहेर आहे ते सांगायचा, आणि सगळं घरच्यांच्या फोनवर कळवायचा. पहिल्या आठवड्यातच लोकांना झोपणाऱ्या वॉचमनची आठवण येऊ लागली.

त्याचं गुपित शोधलं शलाका आवटीने. तिसऱ्या मजल्यावर राहणारी शलाका दिवसा कुठल्यातरी कंपनीच्या तक्रारींना नम्र उत्तरं द्यायची आणि उरलेल्या वेळात जुन्या व्हिडिओ गेमवर लिहायची. एकदा ती पार्किंगमध्ये चपलेचा पट्टा लावायला वाकली. जागल्या तिच्यापासून तीन हातांवर थांबला.

"कोण आहे तिकडे?" त्याने विचारलं. शलाका चकित होऊन गप्प राहिली. तीस सेकंद गेले. "वारा असेल," असं म्हणून तो वळून गेला.

ही वाक्यं ती शाळेत असल्यापासून ओळखत होती. 'पडछाया' नावाचा एक जुना लपाछपीचा गेम होता. त्यात लढायचं नसतं, कोणाला न दिसता सावलीसावलीतून पुढे सरकायचं असतं. त्याच्या दुसऱ्या भागातले पहारेकरी अगदी हेच बोलायचे, फक्त इंग्रजीत. पुढचं तिने अंदाजाने जुळवलं, आणि ते खरं निघालं. नवी यंत्रबुद्धी शून्यातून घडवायची तर धरणभर वीज लागते. त्याऐवजी कंपनीने जुन्या गेममधल्या पहारेकऱ्यांची बुद्धी जशीच्या तशी उचलून चाकांवर बसवली होती. जगभरच्या पोरांनी वर्षानुवर्षं चकवून पाहिलेली, म्हणजे कसून तपासलेली बुद्धी. कंपनीच्या माहितीपत्रकात तसंच छापलं होतं.

शलाकाने कॉलेजात असताना या दुसऱ्या भागाचं परीक्षण लिहिलं होतं. सोसायटीच्या सभेत तिने ते मोबाईलवर काढून वाचून दाखवलं.

"जमेच्या बाजू. पहारेकऱ्यांना या वेळी कान आहेत. दार उघडं राहिलं तरी त्यांना शंका येते. पहिल्या भागातल्या ठोंब्यांपेक्षा कितीतरी हुशार. सावल्या तर अशा, की एखाद्या सावलीत संसार थाटावा. उण्या बाजू. गोष्ट पातळ. खलनायक शेवटी उगवतो आणि स्नेहसंमेलनाच्या प्रमुख पाहुण्यासारखा बोलत सुटतो. वाकलेला माणूस पहारेकऱ्याला नाकासमोर असला तरी दिसत नाही."

इथे एवढा हशा पिकला की खाली राहिलेली शेवटची ओळ तिने वाचलीच नाही. हसू चालू असताना शेवटची ओळ कोणी वाचत नाही.

मग 'आयत्या वेळचे विषय' या सदराखाली ठराव झाला. जागल्याच्या नजरेबाबत कंपनीशी कोणताही पत्रव्यवहार करू नये. सूचक बिरनाळे, अनुमोदक हसबनीस. सर्वानुमते मंजूर. दुसऱ्या दिवशी अख्खी सोसायटी उकिडवी झाली. दोघातिघांची पोटं उतरली आणि एका सासूसुनेत पार्किंगमध्ये, खाली बसल्या बसल्या, समेट झाला.

फक्त एका माणसाला हे जमत नव्हतं. तळमजल्यावरचे मगदूम काका. वय एकाहत्तर, एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. साखरेचा आजार. मुलगा प्रीतम ऑस्ट्रेलियात.

एके दिवशी ते शलाकाच्या दारात उभे राहिले.

"पोरी, मला पण चोरी शिकव की."

"काय चोरायचंय काका?"

"जिलेबी." काका आत येऊन टेकले. "कोपऱ्यावर तीनला ताजा घाणा निघतो. डेपोतली आमची चार टाळकी जमतात. मी दार उघडलं की हा डबडा आडवा येतो. लगेच तिकडं पर्थला घंटी. प्रीतमचा फोन येतो, बाबा कुठं निघालात? अरे, चाळीस वर्षं मी रोज साडेतीनशे गाड्या सोडल्या. कुठली गाडी कुठं जाणार ते मी सांगत होतो. आता मी कुठं जाणार ते मलाच विचारतंय हे पिंप."

"प्रीतमदादाला काळजी असते हो."

"असू दे की. मलाबी त्याची असते. मी त्याच्या फाटकात पिंप ठेवलंय काय?"

शलाकाकडे एक उपाय होता. जागल्या डोक्याची जमिनीपासूनची उंची मोजायचा, गुडघ्यांची चौकशी करायचा नाही. तिने गॅस सिलिंडरखालची चाकांची ट्रॉली घेतली, तिच्यावर निळा रंग दिलेला जेवणाचा पाट तारेने आवळून बांधला, आणि काकांना त्यावर बसवलं. तळमजल्यापासून फाटकापर्यंत फरशी सपाट होती. काका पायांनी रेटत निघाले. जागल्या शेजारून गेला. "वारा असेल," म्हणाला.

"वारंच हाय मी!" काका फाटकातून ओरडले.

त्यानंतर चाळीस दिवस रोज पावणेतीनला मगदूम काका पाटावर बसून पार्किंग ओलांडायचे. फाटकाबाहेर उठायचे, ट्रॉली भिंतीला लावायचे, कपडे झटकायचे आणि काठी टेकत ताठ मानेने कोपऱ्यावर जायचे. परत यायचे तेव्हा कधीकधी शर्टावर पाकाचा थेंब असायचा. ते रोज एकच जिलेबी खातात, असं ते म्हणायचे. शलाकाने कधी खोलात विचारलं नाही.

एकेचाळिसाव्या दिवशी दुपारी तीन चाळीसला सोसायटीच्या ग्रुपवर जागल्याची सूचना आली. "सामाईक जागेत सामान ठेवू नये. जिन्याजवळ अडथळा : ट्रॉली एक, इतर सामान एक. खाद्यपदार्थ सांडलेले, मुंग्यांची शक्यता." सोबत फोटो. अशा सूचना दिवसाला दहा यायच्या. एकोणीस जणांनी अंगठा दाखवला. शलाका एका चिडलेल्या ग्राहकाला क्षमस्व म्हणत होती. तिनेही न बघता अंगठा दाखवला.

पाच वाजायला आले तेव्हा तिने चहाबरोबर ग्रुप उघडला. फोटोत कोपऱ्यात काहीतरी निळं होतं. तिने फोटो मोठा केला. निळा पाट. पाटाशेजारी एक पाऊल, चपलेतून अर्धं निसटलेलं.

ती तीन मजले धावत उतरली.

काका जिन्याच्या कडेला आडवे होते, डोळे उघडे, तोंड एका बाजूला ओढलेलं. ट्रॉलीवरून उठताना अर्धांगाचा झटका आला होता, आणि दुपारच्या त्या वेळी जिन्याकडे कोणी फिरकलं नव्हतं. शलाका त्यांचं डोकं मांडीवर घेऊन रुग्णवाहिकेला फोन करत होती, तेव्हा जागल्या आला, दोघांना व्यवस्थित वळसा घालून पुढे गेला आणि फेरी मोजली. त्याच्या नोंदीत ती चोविसावी होती. आधीच्या तेवीस फेऱ्या त्याने काकांच्या शेजारून अशाच घातल्या होत्या. आधीचा वॉचमन झोपायचा खरा, पण तो निदान अडखळून तरी पडला असता.

दवाखान्याच्या बाकावर तिने आपलं परीक्षण पुन्हा काढलं. न वाचलेली शेवटची ओळ तिथेच होती. "पहिल्या भागातले पहारेकरी पडलेला माणूस दिसला की आरडाओरडा करायचे; दुसऱ्या भागात नव्या सावल्यांना मेमरीत जागा करून देण्यासाठी ते काढून टाकलंय, जमिनीवर आडवं पडलेलं काहीही यांच्या लेखी सामान."

काका वाचले. दीड महिन्याने ते चाकाच्या खुर्चीतून घरी आले. डावं अंग गेलं होतं, बोलणं अडखळत होतं. प्रीतम येऊन, पंधरा दिवस राहून, लाल डोळ्यांनी परत गेला. ट्रॉली कुठून आली हे त्याने कोणाला विचारलं नाही, आणि शलाकाने सांगितलं नाही.

मग कंपनीचं पत्र आलं. जागल्याची सुधारित बुद्धी तयार आहे. तिला उभा, वाकलेला, बसलेला, पडलेला, सगळा माणूस दिसेल. अष्टौप्रहर. करारातलं कलम असं होतं की सुरक्षेचा बदल एका जरी सभासदाने मागितला तरी कंपनीला करावा लागतो. मात्र मागणी सभेत, जागल्यासमोर, उभं राहून आणि नाव सांगून करायची. बसलेला सभासद त्याला अजून मोजता येत नव्हता.

रविवारी अकरा वाजता सभा भरली. जागल्याला व्यासपीठाशेजारी उभं केलं होतं. बिरनाळ्यांनी विषय वाचला.

"ज्यांची मागणी असेल त्यांनी उभं राहावं."

कोणी हललं नाही. हसबनीस काकू दवाखान्यात सगळ्यांत जास्त रडल्या होत्या. त्या पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. बिरनाळे स्वतः खुर्चीत थोडे घसरले.

जागल्याचा डोळा खुर्च्यांवरून फिरला. "उपस्थिती शून्य," तो म्हणाला. "वारा असेल." आणि दाराकडे वळला.

शलाका उभी राहिली.

जागल्या गर्रकन मागे फिरला. "कोण आहे तिकडे?"

तिची ओढणी खालून ओढली गेली. शेजारी चाकाच्या खुर्चीत मगदूम काका होते. चालणाऱ्या उजव्या हाताची मूठ त्यांनी ओढणीत घट्ट वळली होती.

"बस... खाली."

"काका, तेवीस वेळा गेला तो तुमच्या शेजारून," ती कुजबुजली.

"आणि चाळीस दिवस..." काकांनी शब्द जुळवायला वेळ घेतला. "चाळीस दिवस बी... शेजारूनच गेला की."

"परत पडलात तर?"

काकांचं अर्धं तोंड हसलं. दुसऱ्या अर्ध्याला ते कळलं नाही. मूठ सुटली नाही.

सगळी सोसायटी आपापल्या मांडीकडे बघत होती. तीस सेकंदांत नाव सांगितलं नाही तर जागल्या निघून जाणार, हे तिच्याइतकं कोणालाच पाठ नव्हतं. हा प्रश्न तिने लहानपणापासून हजारदा ऐकला होता, आणि हजारही वेळा श्वास रोखून गप्प राहिली होती. जिंकायचं असेल तर तेच करायचं असतं. पण त्या गेममध्ये तिची ओढणी धरून कोणी बसलेलं नसायचं.

एकवीस. बावीस. तेवीस.

डोळा तिच्यावर स्थिर होता. नाव सांगायचं, की वारा व्हायचं?