बटूची हाक

“कुमुद, मी असो वा नसो, या बटूला उपाशी ठेवू नकोस. तेवढं वचन दे.”

नानांचं ते शेवटचं सांगणं कुमुदताईंच्या कानात अजून ताजं होतं, आणि मांडीवरच्या पिंजऱ्यात बटू एकोणीस दिवस जेमतेम चार दाणे टिपून बसला होता. हिरवा, मूठभर बजरीगर. सारी आळी त्याला चुकून लव्हबर्ड म्हणायची.

ताईंच्या हातात पाटी होती. नाना गेले त्या दिवशी वडिलांच्या सद्गतीसाठी हातावर पाणी घेऊन त्यांनी सव्वा महिन्याचं मौन धरलं होतं.

“सोपं आहे, ताई,” पक्षीरसायन प्रयोगशाळेत डॉ. सरवदे म्हणाले. “यांची जोडी जमली की रक्तात बंधरस वाढतो. जोडीदार हाकेला ओ देईनासा झाला की ताणरस चढतो आणि खाणं सुटतं. यानं जोडी जमवली नानांशी. विरहशामकाचा एक थेंब दिला की बंध सुटेल. खाऊ लागेल, पण त्या जोडीदाराला पुन्हा ओळखणार नाही.”

‘नाना तर गेलेच. द्या,’ ताईंनी लिहिलं.

“थांबा.” डॉ. तांबोळीबाई पडद्यावरचे आकडे बघत होत्या. बटूच्या पायातलं बंधमापी कडं ते पाठवत होतं. “ताणरस चढलाय, कबूल. पण बंधरसही चढलाय. जोडीदार गेला असता तर तो एव्हाना उतरला असता.”

“कडं बिघडलं असेल.”

“कालही तुम्ही हेच म्हणालात. हे तिसरं कडं आहे, सरवदे.”

“मग अर्थ काय याचा?”

“जोडीदार समोर आहे आणि ओ देत नाहीये.”

ताई गोंधळल्या. समोर कोण? ‘प्रतिबिंबाशी जोडी जमवू नये म्हणून पिंजऱ्यातला आरसा तर मी केव्हाच काढला,’ त्यांनी लिहिलं.

“नर आपल्या जोडीदाराची हाक उचलतो,” तांबोळीबाई म्हणाल्या. “याची हाक संथ करून ऐकू.”

आधी नुसती किरकिर. मग तिच्यातून एक चाल उलगडली: सूर खाली, मग वर, शेवटी लांब हेल.

“ही शीळ नाही,” सरवदे पुटपुटले. “कुणीतरी कुणाला तरी बोलावतंय.”

ताईंची पेन्सिल थांबली. पिंजरा देवघराच्या दारात टांगलेला असायचा. चार वर्षं रोज सकाळी देवाला ताम्हनात घेताना त्या म्हणायच्या, ‘चला बाळकृष्णा, पाणी कोमट आहे.’ तीच चाल. ‘आहे’वरचा हेलसुद्धा तोच. या वेड्याला वाटलं, आपल्यालाच बोलावतात. आणि गेले एकोणीस दिवस तो ओरडायचा, तेव्हा त्या ओठांवर बोट ठेवून त्याला गप्प करत होत्या.

त्यांनी पाटीवर ते सारं लिहिलं.

सरवदेंनी थेंबनळी खाली ठेवली. “म्हणजे आपण ताईंनाच पुसून टाकणार होतो.”

‘मोबाइलमध्ये माझा आवाज आहे. तो लावला तर?’

“त्याच्या हाकेपाठोपाठ उत्तर यावं लागतं, ताई. ध्वनिमुद्रणाला हे पक्षी फसत नाहीत. मौन किती उरलंय?”

‘जेवढं झालं तेवढंच, एकोणीस दिवस.’

तांबोळीबाईंनी पिंजऱ्याकडे पाहिलं. “हा उद्यापर्यंतही टिकेल असं वाटत नाही.”

ताईंनी पदरानं पाटी पुसली. मौन नानांसाठी, वचनही नानांनाच. एक पाळायचं तर दुसरं मोडतं. विचारायचं कुणाला? ज्यांना विचारावं ते घरी भिंतीवर हार घालून बसलेले.

मग पिंजरा उचलून कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेल्या. ओंजळीत पाणी घेतलं, डोळे मिटले, ओठ हलले. मौनावर पाणी सोडलं.

पाणी गारच होतं. त्यांनी शेजारचा गरम नळ सोडला, बोटानं पाहिलं, थोडा थांबून पुन्हा पाहिलं. कोमट झाल्यावर ओलं बोट पिंजऱ्याच्या तारेला लावलं आणि हळूच घसा साफ केला.